ॲडमिनमाहात्म्य

माणसे जोडणाऱ्यांची चरित्रे मराठीत उदंड झाली. सत्कार त्यांचे, गौरवग्रंथ त्यांचे, अमृतमहोत्सवही त्यांचेच. माणसे काढणाऱ्यांच्या कार्याची मात्र आपल्याकडे कोणी दखल घेतलेली नाही. वास्तविक यादी करणे कोणालाही जमते. घरात लग्न निघाले की शेंबडे पोरही वहीत पन्नास नावे लिहून देते. कस लागतो तो यादीतले नाव कमी करताना. तेही अशा बेताने, की ज्याचे गेले त्याला पत्ता लागू नये आणि जे उरले त्यांना प्रश्न पडू नये. हे काम निष्ठेने, विनामोबदला आणि बहुतेक वेळा रात्री साडेअकरानंतर करणाऱ्या ॲडमिन नावाच्या वर्गाविषयी चार शब्द लिहिणे आता अगत्याचे झाले आहे.

या शास्त्राला जुनी परंपरा आहे. 1980 च्या दशकात अमेरिका आणि युरोपातली विद्यापीठे बिटनेट नावाच्या जाळ्याने जोडलेली होती आणि त्यावर विषयवार ईमेलच्या याद्या चालत. यादीत नाव घालायचे किंवा कमी करायचे तर ती सांभाळणाऱ्या माणसाला कळवावे लागे. तो सवडीने ते काम करी. आता माणूस म्हटला की ‘का हो, काय झाले?’ असे विचारण्याचा धोका आलाच. 1986 साली पॅरिसच्या इकोल सांत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या एरिक थॉमस या विद्यार्थ्याने ‘लिस्टसर्व्ह’ या याद्या सांभाळणाऱ्या प्रणालीचा नवा अवतार लिहिला आणि हा मधला माणूसच काढून टाकला. काढण्याच्या शास्त्रातली पहिली आहुती अशी खुद्द काढणाऱ्याची पडली. असा त्याग इतर शास्त्रांत सहसा आढळत नाही.

थॉमसच्या पद्धतीत यादीचा मालक यंत्राला एक ईमेल पाठवतो. आत एकच ओळ: डिलीट, मग यादीचे नाव, मग त्या माणसाचा पत्ता. संपले. जाणकाराचे डोळे इथे पाणावतात, कारण या ओळीत ‘कारण’ नावाचा रकाना नाही. आपल्याकडे साधा रजेचा अर्ज घ्या, रेशनकार्डावरचे नाव कमी करण्याचा अर्ज घ्या, मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज घ्या. सगळीकडे कारण विचारलेले असतेच, आणि आपण बिचारे तिथे ‘घरगुती अडचण’ असे लिहून वेळ मारून नेतो. लिस्टसर्व्हने ही लाचारी संपवली. अडचण घरगुती असो, वैचारिक असो, की त्या माणसाने मागच्या महिन्यात आपल्या पत्रातली शुद्धलेखनाची चूक सर्वांसमक्ष दाखवलेली असो. यंत्राला सगळ्या अडचणी सारख्याच.

तरी नुसत्या डिलीटमध्ये एक न्यून होते. नाव काढले की यंत्र भाबडेपणाने त्या माणसाला कळवत असे की बाबा रे, तुला काढले आहे. यातून पुढे फोन, खुलासे, तिसऱ्या माणसाची मध्यस्थी, कधी तर समोरासमोर भेट, अशा आपत्ती उद्भवतात. म्हणून आज्ञेच्या आधी ‘क्वाएट’ हा शब्द लावण्याची सोय झाली. क्वाएट डिलीट. काढलेल्याला एक अक्षर जात नाही. तो महिना-दोन महिने याच समजुतीत असतो की यादीवर सध्या शांतता आहे, लोक कामात असतील, परीक्षांचे दिवस आहेत. इकडे यादीवरच्यांना वाटते की स्वारी कशावरून तरी रुसलेली दिसते, किंवा मुलाकडे अमेरिकेला गेलेली असेल. गैरसमज दोन्हीकडे आहे, समाधानही दोन्हीकडे आहे, आणि मधे एकही कटू शब्द नाही. मतभेद मिटवण्याचा याहून सुसंस्कृत मार्ग मला ठाऊक नाही.

सगळ्यांनाच एकदम काढावे लागते असेही नाही. सौम्य उपचारही आहेत. ‘नोपोस्ट’ असा शेरा मारला की सभासदाला सगळी पत्रे येत राहतात, फक्त त्याला स्वतःला काही लिहिता येत नाही. आपल्या साहित्यसंस्थांत याला आजीव सभासद म्हणतात. ‘रिव्ह्यू’ असा शेरा मारला तर त्याचे पत्र आधी संपादकाकडे तपासणीला जाते, आणि संपादक सज्जन माणूस असल्यामुळे घाईने काहीच करत नाही.

या यंत्रांशी बोलण्याची रीत मात्र शिकून घ्यावी लागते. पत्राच्या मजकुरातली प्रत्येक ओळ ही आज्ञा आहे असे यंत्र धरून चालते. त्यामुळे वळणाच्या घरातल्या माणसाने पहिल्या ओळीत रोमन लिपीत का होईना ‘सादर प्रणाम’ लिहिले, की उत्तर येणार: अज्ञात आज्ञा. ‘आपणांस विनंती की’: अज्ञात आज्ञा. शेवटी सवयीने ‘कळावे, लोभ असावा’: हीसुद्धा अज्ञात आज्ञा, मदत हवी असल्यास हेल्प असे लिहा. अशा चार-सहा चुका झाल्या की लिस्टसर्व्ह उरलेले पत्र वाचायचेच सोडून देते आणि तसे कळवते. 1992 मध्ये ब्रेंट चॅपमन यांनी लिहिलेल्या ‘मेजरडोमो’ने त्यावर तोड काढली. आज्ञा संपली की पुढच्या ओळीत ‘एंड’ असे लिहायचे, म्हणजे त्याखालची तुमची सही, हुद्दा आणि सुविचार यांकडे यंत्र ढुंकूनही पाहणार नाही. दोन पिढ्यांच्या ॲडमिनांना या यंत्रांनी लोभाशिवाय पत्र लिहायला शिकवले. त्याचे संस्कार पुढे सोसायट्यांच्या नोटिसांत उतरलेले दिसतात.

‘मेलमन’ नावाच्या तिसऱ्या प्रणालीने तर या व्यवहाराला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. तिथे घाऊक नावे काढण्यासाठी एक स्वतंत्र पान आहे. चौकटीत एकाखाली एक पत्ते भरायचे आणि वर दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची. पहिला: काढलेल्या सभासदाला तसे कळवायचे का? हो किंवा नाही. दुसरा: यादीच्या मालकाला कळवायचे का? हो किंवा नाही. आता पत्ते भरणारा आणि मालक हे बहुतेक ठिकाणी एकच गृहस्थ असतात. म्हणजे आपण आत्ता जे केले ते आपल्याला कळू द्यायचे की नाही, हेही यंत्र आपल्यालाच विचारते. अनुभवी ॲडमिन दोन्हीकडे ‘नाही’ अशी खूण करतो आणि शांत झोपतो.

मेलमनची आणखी एक खुबी. एखाद्या सभासदाचा पत्ता बंद पडला आणि पत्रे परत येऊ लागली की यंत्र त्याच्या नावावर गुण चढवत जाते. पाच गुण झाले की त्याची पत्रे थांबतात, आणि मग कायमचे नाव काढण्यापूर्वी त्याला आठवड्या-आठवड्याच्या अंतराने तीन सूचना धाडल्या जातात. कुठे? त्याच पत्त्यावर, जिथे पत्र पोचत नाही म्हणून हे सारे चालले आहे. पाडलेल्या घराच्या दारावर नोटीस चिकटवणाऱ्या पालिकेच्या कारकुनाला हे वाचून गहिवरून येईल. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळले गेले, पोस्टाचा खर्च नाही, आणि त्याच्याकडून उलट उत्तर येण्याची सुतराम शक्यता नाही.

याच्या तुलनेत आपला कायदा पाहावा म्हणजे हसू येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 35 प्रमाणे गृहनिर्माण संस्थेतून एका सभासदाला काढायचे तर काय काय करावे लागते? त्यासाठी खास सर्वसाधारण सभा बोलवा. त्या माणसाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्या; म्हणजे गच्चीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाऊण तास त्याचे ऐका, पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या टेंडरपर्यंत. मग हजर मतदारांपैकी तीन-चतुर्थांशांचा ठराव हवा. पंच्याहत्तर टक्के लोक एका बाजूला यायला आपल्या सोसायटीत गणपतीची आरती तरी लागते. इतके करूनही ठराव लागू होत नाहीच. तो निबंधकाकडे पाठवायचा, त्यांनी मंजूर केला तर तो माणूस सभासदत्वातून जाणार, आणि वर्षभराने पुन्हा सभासद व्हायला मोकळा. ज्यांनी हे कलम लिहिले त्यांचा समज दिसतो की माणसाला काढणे ही गंभीर गोष्ट आहे. त्यांच्या हाती स्मार्टफोन नव्हता, हे लक्षात घेऊन त्यांना क्षमा करावी. आज तिसऱ्या मजल्यावरचे चेअरमन चहाचा कप डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने हेच काम उरकतात आणि चहा निवत नाही.

प्राचीन अथेन्सच्या लोकांना या विद्येचे मर्म कळले होते, पण हातोटी साधली नव्हती. नको असलेल्या माणसाचे नाव खापराच्या तुकड्यावर कोरायचे, सहा हजार तुकडे लागायचे, आणि मग तो दहा वर्षे शहराबाहेर. प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट प्रसिद्धच आहे. अशाच एका मतदानात एका निरक्षर खेडुताने शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थालाच विनंती केली, माझ्या खापरावर ॲरिस्टायडीसचे नाव लिहून द्या. त्याने तुमचे काय वाईट केले, असे त्या गृहस्थाने विचारले. काही नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळा आला. ते गृहस्थ स्वतः ॲरिस्टायडीसच होते आणि त्यांनी मुकाट्याने नाव लिहून दिले. कारणाच्या बाबतीत हा खेडूत आजच्या कुठल्याही ॲडमिनच्या मांडीला मांडी लावून बसेल. फक्त खापराचा आवाज फार होतो. शिवाय दोनच वर्षांत इराणचा झर्क्सीस चाल करून आला आणि अथेन्सला आपल्या हद्दपार मंडळींना परत बोलवावे लागले, त्यांत ॲरिस्टायडीसही आला. काढलेला माणूस पुढे उपयोगी पडू शकतो, ही त्या पद्धतीतली मोठीच त्रुटी.

ॲडमिनांची थोरवी गाताना सभासदांना विसरणे कृतघ्नपणाचे होईल. त्यांनीही या क्षेत्रात भर घातली आहे, आणि तीही स्वयंस्फूर्तीने. ऑक्टोबर 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या एका कर्मचाऱ्याच्या ध्यानात आले की आपले नाव ‘बेडलम डीएल थ्री’ नावाच्या कुठल्याशा यादीत आहे. त्याने त्या यादीलाच पत्र लिहिले: ही यादी कसली आहे? माझे नाव काढा. यादीत सुमारे 13 हजार माणसे होती. तेवढ्यांना ते पत्र गेले. त्यावर अनेकांनी सर्वांना उत्तर दिले: माझेही काढा. मग काही विचारी लोकांनी सर्वांना लिहिले की कृपा करून सर्वांना लिहू नका. तासाभरात दीड कोटीच्या घरात पत्रे फिरली आणि जगाला ईमेलची यंत्रणा विकणाऱ्या कंपनीचीच ईमेल कोलमडली. यादीतून बाहेर पडण्याची इच्छा यादीतल्या सर्वांना एकाच वेळी व्हावी आणि त्यासाठी सर्वांनी प्रथमच एकमेकांशी बोलावे, असा एकोपा एरवी कुठे पाहायला मिळतो? नोव्हेंबर 2016 मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत आठ लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांना चुकून एक चाचणीपत्र गेले, तेव्हाही असाच सोहळा झाला. तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी, ज्यांच्याकडे वेळ मुळीच नसतो, वेळात वेळ काढून सगळ्या खात्याला कळवले की आपल्याला वेळ नाही.

अलीकडे काही सुधारकांनी या विद्येत ढवळाढवळ चालवली आहे. सभासदाला आपले आपण, एका टिचकीत बाहेर पडता आले पाहिजे, असे ते म्हणतात. 2017 साली तसे तांत्रिक मानक निघाले आणि 2024 पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांहून जास्त पत्रे धाडणाऱ्या व्यापाऱ्यांना ही सोय सक्तीची केली. कोणी नको म्हटले तर दोन दिवसांत त्याचे नाव कमी करायचे. यात ॲडमिनला कामच उरत नाही. माणूस आपल्या पायांनी गेला तर त्याला काढल्याचा आनंद कोणी घ्यायचा?

पण हे सारे अपवाद. एकंदरीत काळाचा ओघ ॲडमिनच्या बाजूने आहे. न्यायालयांनीही त्याचे स्थान ओळखले आहे. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निर्णय दिला की व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा हेतू एक असल्याचे दिसत नसेल तर, ॲडमिनला दोषी धरता येणार नाही, कारण त्याच्याकडे सदस्य घेण्याचा आणि काढण्याचा मर्यादित अधिकार असतो. म्हणजे उत्तरदायित्व नाही, आणि अधिकार मर्यादित. मर्यादित कशाला म्हणावे हे, घरात टीव्हीचा रिमोटही ज्यांच्या हाती येत नाही, अशांना विचारावे.

आणि मोठ्या प्रमाणावर काम कसे करावे याचा वस्तुपाठ याहूने घालून दिला. याहू ग्रुप्सवर एके काळी शाळेच्या बॅचपासून बोनसायच्या शौकिनांपर्यंत कोणाकोणाच्या याद्या होत्या. परदेशी गेलेल्या मराठी मुलांनी भाड्याच्या खोल्या, प्रेशर कुकरच्या रिंगा आणि गणपतीच्या मूर्ती यांची चौकशी तिथेच केली. या याद्यांत कोण कोणाला काढतो यावरून जन्माची वैरे झाली, फुटून निघालेल्यांनी दुसऱ्या याद्या काढल्या, त्यांतून तिसऱ्या निघाल्या. याहूने आधी जुनी पत्रे पुसली, आणि 15 डिसेंबर 2020 रोजी सगळ्याच याद्या बंद केल्या. काढणारे, काढलेले, फुटलेले, राहिलेले, सगळे एका रांगेत. लिस्टसर्व्हमध्ये पत्त्याच्या जागी नुसत्या चांदण्या टाकल्या तर अख्खी यादी रिकामी करता येते, ही युक्ती जुन्या लोकांना माहीत होती. पण ती एवढ्या व्यापक प्रमाणावर आणि एवढ्या समदृष्टीने अमलात आणायला कंपनीच लागते. त्या दिवसापासून या याद्यांवर एकही भांडण झालेले नाही.

व्हॉट्सॲपची स्थिती मात्र चिंताजनक आहे, हे कबूल केले पाहिजे. तिथे एक हजार चोवीस माणसे एका ग्रुपात घेता येतात, पण क्वाएट डिलीट नाही. कोणाला काढले की मधोमध राखाडी पट्टी उमटते, अमुकने तमुकला काढले, आणि ती सगळ्यांना दिसते. त्यावर मग कोणीतरी ‘का?’ असे विचारते, कोणीतरी हात जोडल्याचे चित्र टाकते, कोणीतरी त्या गेलेल्याला खाजगीत कळवते. 2022 पासून सभासदाला गुपचूप जाता येते, काढणाऱ्याला गुपचूप काढता येत नाही. शिवाय गेलेल्यांची नावे साठ दिवस पाहता येतात. आपल्याकडे प्रत्यक्ष गेलेल्याचे सुतकही दहा दिवसांत फिटते.

सगळ्यात विचित्र नियम वारसाहक्काचा. ग्रुपचा एकमेव ॲडमिन स्वतःच बाहेर पडला, तर व्हॉट्सॲप उरलेल्यांपैकी कोणालाही, चिठ्ठी टाकावी तसे, ॲडमिन करते. कोथरूडच्या एका सोसायटीत नेमके हेच घडले. तिथले जुने सेक्रेटरी या विद्येतले जाणते. पार्किंगचा प्रश्न काढला की बाहेर, हिशेब मागितला की बाहेर, आणि एका निवृत्त शिक्षकाला तर त्यांनी केवळ ‘प्रश्न रास्त आहे’ एवढे लिहिल्याबद्दल बाहेर काढले. एकशे बारा सदनिकांच्या ग्रुपात शेवटी एकतीस माणसे उरली आणि ती इतकी गुण्यागोविंदाने नांदत की आठवडा-आठवडा कोणी काही लिहीत नसे. मग एका सभेत सेक्रेटरी रागावले आणि स्वतःच ग्रुपातून निघून गेले. यंत्राने ॲडमिनपद दिले पाचव्या मजल्यावरच्या आजींना. आजी त्या ग्रुपवर रोज सकाळी एक जास्वंदीचे फूल टाकत, यापलीकडे त्यांची पात्रता काही नव्हती.

आजींना काढायचे बटण कुठे असते ते माहीत नाही. घ्यायचे बटण मात्र नातवाने दाखवून दिले आहे. त्यांनी शिक्षकांना परत घेतले, हिशेबवाल्यांना घेतले, पार्किंगवाल्या दोघा भावांना घेतले, आणि हद्द म्हणजे भाडेकरूंनाही घेतले. आता तिथे रोज कोणी ना कोणी काहीतरी विचारते आणि कोणीतरी त्याचे उत्तर देते. पाण्याच्या पंपाचा हिशेब फोटोसकट टाकला गेला. ग्रुपची ही अवस्था पाहून जुन्या एकतीस जणांचा जीव तुटतो. पण ॲडमिनला दुसऱ्या ॲडमिनखेरीज कोणी काढू शकत नाही, आणि दुसरा ॲडमिन करायला आजींचीच बोटे लागतात. आजींना समजवावे तर त्या आधी चहा टाकतात.

सेक्रेटरींच्या पुढाकाराने यावर तोडगा काढण्यासाठी पाच जणांची समिती नेमली आहे. समितीचा वेगळा ग्रुप झाला आहे. पहिल्याच संध्याकाळी त्यातून दोघांना काढण्यात आले.